कलकत्ता ते रंगून, मार्गे चाळीसगाव

मेहरूण, जळगाव
चैत्र वद्य पंचमी, शके १८६०

तीर्थरूप वडील भगिनी झुंबरअक्का, मुक्काम धुळे, यांच्या चरणी धाकट्या रुपचंदचा दोन्ही हात जोडून दंडवत. (एवढा मान लिहिण्यापुरता. तो ऐकून झाला की बाजूला ठेव, पुढचं सगळं नेहमीसारखं अगंतुगं आहे. सबंध पत्रात 'आपण' आणि 'तुम्ही' लिहीत बसलो तर तुला वाटायचं कचेरीतून काहीतरी आलं, आणि तू ते आपल्या लेकाला, वनाला, वाचायला न देता देवाच्या पाटाखाली सारून मोकळी होशील.)

तुझे गुडघे कसे आहेत? दिवाळीला वनाच्या हातून लिहवलं होतंस की डावा गुडघा मुळीच ऐकत नाही आणि उजवा फक्त डाव्याचं ऐकतो. त्यानंतर तुझ्याकडून पत्र नाही, त्यावरून दोघांचं चांगलं जुळलेलं दिसतं. वना कसा आहे, सूनबाई कशी आहे, म्हैस आटली का, हेही कळव. माझ्याबद्दल म्हणशील तर मी ठीक आहे. कमरेत जरा लचक भरली आहे, पण तिची हकीगत पुढे ओघानं येईलच. भाकरी आता बरीच गोल व्हायला लागली आहे. एकच करावी लागते. सुरुवातीला हाताच्या सवयीनं दोन व्हायच्या, आणि मग त्या दुसऱ्या भाकरीकडे बघत बसावं लागायचं. शेजारची बेबाबाई अधूनमधून कालवण आणून देते आणि वाटी परत न्यायला आली की घटकाभर दाराशी उभी राहून बोलते. म्हणून मी वाटी लवकर घासत नाही.

आता मूळ गोष्ट. होळीच्या सुमारास आपल्या प्रमिलाचं रंगूनहून पत्र आलं. जावईबापूंना तिकडे इमारतीच्या खात्यात ओव्हरसियरची जागा मिळाली आणि पोर आगबोटीत बसून गेली, त्यानंतर तिचं माहेरपण झालेलंच नाही. तिची आई गेली तेव्हासुद्धा तार तिला मिळेपर्यंत इथलं सगळं उरकलं होतं. तर त्या पत्राच्या शेवटी माझ्या नातीनं, कमळीनं, मुंगीच्या पायांसारख्या अक्षरात एक ओळ घातली होती, की आजोबा, तुमचं गाव इथून किती लांब आहे? आता तूच सांग, नातीनं असा प्रश्न विचारल्यावर 'लांब आहे' असं मोघम उत्तर देणारा मी माणूस आहे का? सारा जन्म जिनात कापूस तोलायचा काटा धरला. 'पुष्कळ दिसतो' असं म्हणून एक गाडी कधी सोडली नाही. तेव्हा मी टोपी घातली आणि प्रकाशचंद शेठच्या कापडदुकानात गेलो.

प्रकाशचंद शेठ तुला आठवतील. प्रमिलाच्या लग्नाचं कापड त्यांच्याकडूनच घेतलं होतं आणि तू तिथं इतकी घासाघीस केलीस की ते अजून मला बघून आधी हात जोडतात. त्यांच्याकडे रोज वर्तमानपत्र येतं, त्यांचा मेहुणा कलकत्त्याला असतो, आणि गादीमागच्या भिंतीवर एका आगबोट कंपनीचं कॅलेंडर आहे, त्यावर कराचीपासून सिंगापूरपर्यंतचा नकाशा छापलेला आहे. माझा प्रश्न ऐकताच शेठजींनी गज उचलला. गजानं नकाशा मोजता येत नाही हे कळायला आम्हां दोघांना बराच वेळ लागला. मग त्यांनी दोरा घेतला, एक टोक कलकत्त्यावर दाबलं, दुसरं रंगूनवर धरलं आणि म्हणाले, "रुपचंदभाऊ, बोटभर पण नाही!" त्यांच्या हिशेबानं साडेसहाशे मैल भरतात. आगबोटीला तीन दिवस लागतात, पण आता विमान जातं. "सवेरे कलकत्त्याहून उडालं, मधे अक्याबला जरा बसलं, तीसरे पहरी रंगून. बस!" असं शेठजींनी जणू स्वतः कालच जाऊन आल्यासारखं सांगितलं. सहा-सात तासांचा प्रश्न. अक्का, धुळ्याला यायचं तर चाळीसगावच्या फलाटावर धुळ्याच्या गाडीची वाट बघण्यातच माणसाचे दोन विडे आणि एक झोप होते. तेवढ्या वेळात तिकडे माणूस समुद्र ओलांडून मुलीच्या दारात उभा राहतो! मग मी सहज विचारलं की शेठजी, या नकाशात आपलं जळगाव ते धुळे किती भरतं? त्यांनी चष्मा पुसून पाहिलं. तेवढ्यात एक माशी खानदेशावर येऊन बसली, आणि जळगाव नि धुळे दोन्ही एकाच माशीखाली झाकली गेली. आम्ही हसलो. घरी येताना मात्र मला काही ते हसण्यासारखं वाटेना.

त्या रात्री मी ठरवलं की यंदाच्या अखाजीला (पंचांगवाल्यांच्या अक्षय्य तृतीयेला) प्रमिलाला विमानानं माहेरी आणायची. (हसू नकोस. वना, तूही हसू नकोस, अक्षर हलतं.) वेळेचा प्रश्न सुटलाच होता. राहिला मुराळ्याचा. लेक सासरहून आपली आपण येत नाही, तिला न्यायला माहेरचं माणूस जावं लागतं, हे तुला मी काय सांगायचं! प्रमिलाला पाठचा भाऊ नाही. मग चुलत-मावस शोधता शोधता आपला चिंधा पुढे आला. तुला माहीतच आहे, मुराळी म्हणून गेलं की पुरणपोळी, रस, कुरडया असा पाहुणचार होतो, म्हणून चिंधानं उभ्या आयुष्यात भावकीतल्या कुठल्याही लेकीला न्यायला जाण्याचं नाकारलेलं नाही. पण शेठजींनी एक नवी अडचण सांगितली. विमानात म्हणे नुसतं सामान तोलत नाहीत, माणूससुद्धा तोलतात! हे ऐकून, अक्का, मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. जिनातली नोकरी सुटल्यापासून माझ्या विद्येचा कुणाला उपयोग असेल असं मला वाटलंच नव्हतं.

हंगाम संपलेला, जिन बंद, पहारेकरी ओळखीचा. मी चिंधाला घेऊन गेलो आणि कापसाच्या पारड्यात बसवला. काटा तसा बरा आहे, पण माझ्या हाताची जुनी खोड आड आली. माल आत किती ओला आहे हे पाहायला मी सवयीनं त्याच्या सदऱ्यात हात घातला, आणि घामानं भिजलेला निघाला म्हणून सवयीनंच ओलाव्यापोटी वजनातून थोडा कडता कापला. चिंधा पारड्यातून ओरडला, "मी काय कापूस शे का रे? वलं-सुकं काय पाहस?" कडता धरूनसुद्धा तो विमानाला जड गेला असता, कारण दुसऱ्या पारड्यातली मापं संपली आणि आम्हांला पहारेकऱ्याला वर बसवावं लागलं. तोवर गल्लीत बातमी गेली होती. ज्यांना रंगून कुठं आहे हेही ठाऊक नव्हतं ते तोलून घ्यायला रांगेत उभे राहिले. दोघा सख्ख्या भावांत वजनावरून तंटा झाला. चिंधानं मग स्वतःच माघार घेतली. त्यानं शेठजींना एवढंच विचारलं होतं की "विमानमा वाटमा उतरता येस का?" आणि शेठजींनी सांगितलं की उतरता येतं, पण फक्त अक्याबला.

चिंधा गळाला तर मी स्वतः जाईन असं मी ठरवलं. तेव्हा शेठजींनी भाडं सांगितलं. आवाज खाली करून सांगितलं, आणि लगेच गड्याकडे वळून म्हणाले, "रुपचंदभाऊंना पाणी दे."

मी पाणी प्यायलो आणि उठलो. पण शेठजी मनाचे मोठे. त्यांनी मला पुन्हा बसवलं. कलकत्त्याचा त्यांचा मेहुणा निर्मलकुमार तागाच्या पेढीवर आहे, पेढीच्या कामासाठी त्याला अखाजीच्या आधीच विमानानं रंगूनला जायचं होतं. "तो मुराळी जाईल," शेठजी म्हणाले. "त्याला धाकटी बहीण नाही. बहन ती बहन." आता मारवाड्याच्या मुलानं पाटलाच्या लेकीला न्यायला जायचं, हे रिवाजात बसतं का ते तुला विचारायला हवं होतं, पण तुला विचारायचं म्हणजे धुळ्याला पत्र, त्यापेक्षा कलकत्त्याला तार लवकर जाते. प्रमिलाचं परतीचं भाडं कोण देणार हा विचार माझ्या मनात आला नाही असं नाही. तो दाराशी आला होता, मी त्याला आत घेतला नाही.

मग मुराळ्याची शिदोरी. रिकाम्या हातानं मुराळी जात नाही, आणि अखाजीला सांजोऱ्यांशिवाय काही चालत नाही. बेबाबाईनं रव्या-गुळाचं सारण भाजलं, मी पाऱ्या लाटल्या, कडा मुरडल्या. (त्या कडा कुणाला दाखवायच्या नव्हत्या म्हणून बरं.) दोन दिवस घरात तळणाचा वास होता, माणसांचा आवाज होता, बेबाबाईच्या सुना येऊन चव बघून जात होत्या. अक्का, प्रमिलाची आई होती तेव्हाचं घर परत आल्यासारखं वाटलं. अंगणातल्या कडुनिंबाला मी झोकासुद्धा बांधून टाकला, म्हणजे पोरगी आल्या आल्या बसेल. डबा कलकत्ता मेलच्या ब्रेकव्हॅनमध्ये चढवला, आणि सोबत निर्मलकुमारला चिठ्ठी, की आपल्यात मुराळ्याला त्याच दिवशी परत लावत नाहीत, एक रात्र मुक्काम करावाच लागतो, तेव्हा विमानवाल्यांना तसं आधी सांगून ठेवावं.

पुढचं निर्मलकुमारनं शेठजींना लिहिलं ते ऐक. कलकत्त्याच्या विमानतळावर त्याला आणि सामानाला मिळून तोललं, तर सांजोऱ्यांच्या डब्यापायी वजन जास्त भरलं. तो बिचारा तरुण, हुशार, इंग्रजी शिकलेला. त्यानं युक्ती काढली. बाजूला बसून त्यानं निम्म्याहून जास्त सांजोऱ्या खाऊन टाकल्या आणि पुन्हा काट्यावर उभा राहिला! काटा जिथल्या तिथं! मी हे ऐकलं आणि दुकानात गादीवर लोळून हसलो. अगं, माल गठडीत असो की पोटात, काट्याला आतबाहेर कळत नाही, हे आमच्या जिनातला गाडीवानसुद्धा सांगेल. शेवटी उरलेल्या त्यानं तिथल्या शिपायांना वाटल्या, आणि रिवाजाला धरून रिकामा डबा नको म्हणून चार ठेवल्या. त्या चार सांजोऱ्या समुद्रावरून उडत तिसऱ्या प्रहरी प्रमिलाच्या दारात पोचल्या. तेवढं गणित शेठजींचं बरोबर निघालं.

मुराळी एक रात्र राहिला, जेवला. सकाळी प्रमिलानं त्याला ओवाळलं आणि एकट्याला परत पाठवलं. तिचं पत्र परवा आलं. ते वाचून दाखवायला तू जवळ हवी होतीस. ती लिहिते, बाबा, माझ्या दारात माहेरचा मुराळी आला हे सगळ्या शेजारणींनी पाहिलं, मला फार धीर आला. पण येणं जमायचं नाही. यांना रजा नाही, कमळीची शाळा आहे, आणि खरं सांगू का, आता आमची अखाजी इथंच होते. आवारातल्या आंब्याला मीच झोका बांधला आहे. कमळी त्यावरून खाली उतरत नाही.

मला आनंद झाला, अक्का. खोटं सांगत नाही. लेकीनं स्वतःच्या अंगणात झोका बांधला म्हणजे तिचं तिथं बस्तान बसलं, बापाला आणखी काय पाहिजे? हा आनंद दुपारपर्यंत चांगला टिकला. मग ऊन उतरल्यावर मी अंगणात गेलो, तर कडुनिंबाचा झोका आपला वाऱ्यानं हलतोय. कुणीतरी बसायला पाहिजे म्हणून मी बसलो. कापसाच्या गाठीचा जुना दोर, त्यातून काटेवाल्यानं स्वतःचं वजन तेवढं कधी केलेलं नाही. कमरेची लचक म्हणजे ती ही. बेबाबाई धावत आली आणि विचारू लागली की काय झालं, तर मी पडल्या पडल्या म्हणालो, दोर तपासत होतो. ती गेल्यावरही मी जरा वेळ तसाच पडून राहिलो. दुखत होतं म्हणून नव्हे. ती आली नसती तर मी पडलो हे कुणाला कधी कळलं असतं, याचा मी विचार करत होतो. घरात फार एकटं वाटतं, अक्का. दिवसा काही नाही, दिवसा माणूस नकाशे मोजतो, चिंधाला तोलतो. संध्याकाळी चूल पेटवताना वाटतं.

पडल्या पडल्या मला तुझी पहिली अखाजी आठवली. तुझं नुकतं लग्न झालेलं, आणि तुला आणायला आबांनी मला पाठवलं होतं. नवी टोपी, कमरेला उपरणं, आणि गाडीवानाच्या मांडीवर झोपून गेलेला मुराळी! धुळ्याला पोचलो तर तू बोचकं घेऊन उंबऱ्यात उभी. सकाळपासून उभी होतीस म्हणे. मला बघून म्हणालीस, "इतला येळ का लागना रे भाऊ?" आणि मग मला पोटाशी धरून इतकी रडलीस की माझी टोपी वाकडी झाली आणि मीही रडलो, टोपीसाठी. त्यानंतर दरसाल मीच तुला न्यायला येत गेलो. आधी बैलगाडी, मग चाळीसगावची आगगाडी, मग ती एरंडोल-पारोळ्यावरून धूळ खात येणारी मोटार. प्रमिलाची आई गेली त्या वर्षी मी नेहमीसारखा आलो, तर तू म्हणालीस, "भावजय नही, घरमा बाईमानूस नही, आते मी ईसन काय करू?" बरोबरच होतं तुझं. मी जेवलो आणि दुसऱ्या दिवशी एकटाच परत आलो. पुढे आलोच नाही. मी तिथं यायचो तो तुला न्यायला. न्यायचं नाही तर बहिणीच्या दारात काय म्हणून उभं राहायचं, हे मला अजून सुचलेलं नाही. लोक म्हणाले असते, म्हातारा बहिणीच्या भाकरीवर आला.

असो. पत्र फार लांबलं. कमळीला मी उत्तर पाठवलं आहे: विमानानं अर्धा दिवस, मेलनं दीड दिवस, आणि स्टेशनापासून मेहरूणपर्यंत टांगा. तिला एवढं पुरे. सूनबाईला आशीर्वाद, म्हशीला चारा, तुझ्या दोन्ही गुडघ्यांना माझा वेगवेगळा नमस्कार.

तुझा धाकटा,
रुपचंद

ता. क. बेबाबाईनं गुडघ्यांसाठी तेल कढवून दिलं आहे. बाटली मोठी आहे. पार्सलानं पाठवली तर फुटेल, कुणाच्या तरी हाती द्यावी लागेल.

आणखी एक. वर 'मी ठीक आहे' असं लिहिलं आहे, त्यात थोडा कडता धरावा.

आणखी शेवटचं. (वना, हे तूच वाचतो आहेस हे मला माहीत आहे. मधेच खोकून गाळायचं नाही, आईला सगळं वाचून दाखव.) अक्का, यंदाच्या अखाजीला मला न्यायला मुराळी पाठव. पुरुषमाणसाला न्यायला मुराळी येत नाही हे मला कळतं. पण तूच आता आपल्यातली सगळ्यांत मोठी, आई-आबा गेल्यापासून तुझं घर तेच माझं माहेर, असं धरलं तर बसेल रिवाजात. कुणी न्यायला आलं तर मग लोकांना काय बोलायचं ते बोलू दे. वनालाच पाठव. शिदोरी नको, त्याला तोलणारही नाही. मी बोचकं बांधून ठेवलं आहे, तेलाची बाटली त्यातच आहे. फक्त सकाळी येऊन संध्याकाळी परत निघायचं म्हणू नकोस. मुराळ्याला त्याच दिवशी परत लावत नाहीत. एक रात्र इथं राहू दे त्याला. भाकरी मी दोघांच्या टाकीन.